दहा तारा, बारा नजरा
हृदयाची वीज : भाग ४

मागच्या आठवड्यात आपण हृदयातल्या विजेचा रस्ता पाहिला. सायनस गाठीत ती उठते, वरच्या कप्प्यांतून पसरते, एव्ही गाठीपाशी क्षणभर थबकते आणि खालच्या कप्प्यांत उतरते. आजचा प्रश्न असा : ईसीजी काढताना अंगाला तारा लावतात दहा, मग पट्टीवर लीड बारा कशा?

गोदावरीच्या पात्रातलं आपलं सराला बेट आठवा. वैजापूरच्या बाजूनं एक दिंडी बेटाकडे निघाली आहे. आपल्या काठावरून ती पाठमोरी, दूर जाताना दिसते. पलीकडे श्रीरामपूरच्या काठावरून तीच समोरून येताना दिसते. दिंडी एकच, पण पाहणारा कुठे उभा आहे यावर तिचं दिसणं ठरतं. लीड म्हणजे अशी उभं राहण्याची जागा. वीज लीडकडे येत असेल तर रेघ वर चढते, दूर जात असेल तर खाली उतरते. म्हणूनच उजव्या खांद्याकडून पाहणाऱ्या एव्हीआर लीडमध्ये निरोगी माणसाच्याही लाटा उलट्या दिसतात.

आता हिशेब. उजव्या पायाची तार फक्त अर्थिंगची. दोन्ही हात आणि डावा पाय या तीन जागांच्या जोड्यांतून तीन आणि एकेका जागेची उरलेल्या दोन जागांशी तुलना करून आणखी तीन, अशा सहा लीड मिळतात, छातीवरच्या सहा तारांतून आणखी सहा. विल्यम आइन्थोव्हेन या डच शास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पहिल्या तीन लीड घेतल्या, तेही माणसाचे हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून! १९२४ साली त्यांना नोबेल मिळालं.

इतक्या नजरा कशाला? कारण हृदयाची प्रत्येक भिंत वेगळ्या नजरेला दिसते. छातीवरच्या व्ही-१ ते व्ही-४ समोरची भिंत पाहतात. लीड दोन, तीन आणि एव्हीएफ खालून पाहतात. हृदयाची खालची भिंत श्वासपटलावर टेकलेली असते, पोटाच्या अगदी शेजारी. तिथली रक्तवाहिनी तुंबली की कित्येकांना छातीत नव्हे, पोटाच्या वरच्या भागात दुखतं, मळमळतं, दरदरून घाम फुटतो. घरात सगळे म्हणतात, ‘पित्त झालंय.’ पट्टीवर मात्र याच तीन लीडमध्ये मोठ्या टोकदार लाटेनंतरची एसटी नावाची सपाट रेघ उचललेली दिसू शकते.

पण नजर योग्य जागी हवी. हातांच्या तारांची अदलाबदल झाली तर लीड एक उलटी उमटते. व्ही-१ची जागा चौथ्या बरगडीखालच्या फटीत, छातीच्या हाडाच्या उजव्या कडेला. आणि पहिली पट्टी साफ आली म्हणून धोका टळला असं होत नाही. दुखणं थांबलं नसेल तर थोड्या थोड्या वेळानं पुन्हा पट्टी काढतात, हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिनही तपासतात.

मोठ्या इस्पितळासाठी वैजापूरहून संभाजीनगर गाठायला तास-दीड तास लागतो आणि तुंबलेल्या रक्तवाहिनीपुढचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत असतो. म्हणून घाम फुटलेल्या माणसाला पित्ताची गोळी देऊन झोपवू नका. आधी जवळच्या दवाखान्यात नेऊन पट्टी काढा.

पुढच्या आठवड्यात : पट्टीवरच्या चौकटी मोजून नाडीचे ठोके कसे काढायचे.