जर्नलमधलं 9.81

“फिजिक्स घेतलंस? मग पुढे काय, बीएड करून शिक्षक व्हायचं, नाहीतर नशीब असेल तर इस्रो.” बीएस्सीला गेलेल्या बहुतेक मुलामुलींनी हे घरच्या बैठकीत कधी ना कधी ऐकलेलं असतं. सांगणाऱ्यांची तळमळ खरी असते, माहिती मात्र अपुरी.

कर्करोगाच्या रुग्णालयात जाऊन बघा. लिनिअर अ‍ॅक्सिलरेटरवर रुग्णाला रेडिएशन देतात, तेव्हा गाठीपर्यंत नेमका किती डोस पोचेल याचं गणित आणि त्या यंत्राची नियमित तपासणी मेडिकल फिजिसिस्ट करतो. आपल्याकडे या कामासाठी एमबीबीएस लागत नाही. फिजिक्सची एमएस्सी, त्यानंतर रेडिऑलॉजिकल फिजिक्समधली पदविका आणि रुग्णालयातली इंटर्नशिप, असा त्याचा मार्ग आहे. ठरवलेला डोस आणि प्रत्यक्ष पोचलेला डोस यांतला फरक 5 टक्क्यांच्या आत ठेवायचा असतो. हे 5 टक्के सांभाळायला माणूस शिकतो कुठे? सुरुवात होते ती पहिल्या वर्षाच्या लॅबमध्ये, साध्या लंबकापाशी.

आणि तिथेच सगळ्यात घातक गैरसमज बसलेला आहे: प्रॅक्टिकल म्हणजे पुस्तकातलं उत्तर आणून दाखवणं.

लंबकाचा प्रयोग आठवा. एक मीटर दोरा, खाली लोलक, हातात स्टॉपवॉच. एका आंदोलनाला साधारण 2 सेकंद लागतात. बटण दाबताना हाताची चूक 0.2 सेकंदाची धरली, तर एकाच आंदोलनाची वेळ मोजल्यास चूक होते 10 टक्के. म्हणून 20 आंदोलनं मोजायची. 40 सेकंदांत तेवढीच चूक केवळ अर्ध्या टक्क्याची उरते. गुरुत्वीय त्वरण, म्हणजे g, काढताना वेळेचा वर्ग येतो, म्हणून ती दुप्पट, म्हणजे 1 टक्का. थोडक्यात, उत्तर 9.8 आलं तरी त्याच्या दोन्ही बाजूंना 0.1 ची शंका आहेच. तरीही वर्गातल्या निम्म्या जर्नलांत नेमकं 9.81 सापडतं.

मुंबईत g चं खरं मूल्य 9.79 च्या जवळ आहे. 9.81 हा आकडा 45 अंश अक्षांशाच्या आसपासचा, आपल्या प्रयोगशाळेचा नव्हे. 20 आंदोलनं मोजून या दोन आकड्यांतला फरक पकडताही येत नाही.

आता समजा, एका मुलीचं उत्तर 9.69 आलं. ती घाबरते, रीडिंग खोडते, सीनियरच्या जर्नलमधून आकडे उतरवते आणि सही घेते. तिने दहा मिनिटं शोधलं असतं, तर तिला कळलं असतं की लांबी लोलकाच्या मध्यापर्यंत मोजायची असते आणि तिने दोराच फक्त मोजला. लोलकाची त्रिज्या 1 सेंटिमीटर, म्हणजे एक मीटरच्या 1 टक्का. तेवढंच उत्तर कमी आलं होतं. हा शोध म्हणजेच कारखान्याच्या क्वालिटी विभागाचं रोजचं काम: माप का चुकलं, चूक यंत्राची की माणसाची, ती एकाच दिशेने जाते की इकडेतिकडे. तो शोध तिने खोडरबराने पुसून टाकला. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण तिला तसं करायला आपणच शिकवलेलं असतं. उत्तर जुळलं की मार्क, नाही जुळलं की कट.

अमेरिकेत नताशा होम्स आणि नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी तीन संस्थांमधले नऊ अभ्यासक्रम तपासले. वर्गात शिकवलेलं पक्कं व्हावं म्हणून घेतलेल्या लॅबचा परीक्षेतल्या गुणांवर मोजता येण्याजोगा काहीच फायदा दिसला नाही. लॅबचं खरं काम वेगळं आहे. प्रयोग स्वतः आखणं, आलेल्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा ते ठरवणं, पटत नसेल तर पद्धत सुधारून पुन्हा मोजणं, हे तिथे शिकायचं असतं.

बोलणं, लिहिणं, चारजणांत काम करणं यासाठी बाहेरचा महागडा कोर्स लागतो, हाही समज सोडा. ‘मी असं का केलं’ हे व्हायवात दोन मिनिटांत सांगता आलं आणि ग्राफखाली स्वतःच्या शब्दांत चार ओळी लिहिता आल्या, तर तो सराव झालाच. तेच आकडे पायथॉनमध्ये टाकून रेषा बसवली, की प्रोग्रॅमिंगही सुरू झालं. वेबचा जनक टिम बर्नर्स-ली ऑक्सफर्डचा फिजिक्सचाच पदवीधर, 1976 चा.

मात्र नुसत्या पदवीने हे आपोआप येतं असं मानणंही चूक. नव्या शैक्षणिक धोरणाने महाराष्ट्रातल्या पदवीच्या आराखड्यात ऑन जॉब ट्रेनिंग आणलं आहे, ते चांगलंच झालं. पण तीन वर्षं उतरवलेल्या जर्नलांची भरपाई तेवढ्या ट्रेनिंगने होणार नाही.

शिक्षकांना विनंती एवढीच: 9.69 लिहून कारण शोधणाऱ्याला पूर्ण मार्क द्या. आणि मुलांनो, येत्या प्रॅक्टिकलला जे रीडिंग येईल तेच लिहा, पेनाने.