बारा व्होल्ट म्हणून गाफील राहू नका

२६ जानेवारी २००१ चा भूकंप आपल्या वडोदऱ्यातही जाणवला. कच्छमधील दूरध्वनी बंद पडले, तेव्हा हौशी रेडिओवाल्यांनी भुजहून निरोप पोहोचवले. वीज नसताना असे संच गाडीच्या बॅटरीवर चालतात.

१२ व्होल्टचा सहसा झटका बसत नाही, हे खरे. पण १०० वॉटचा संच बोलताना सुमारे २० अँपिअर प्रवाह ओढतो. १ चौरस मिलिमीटरच्या तीन मीटर जोडतारेत जाऊन-येऊन दोन व्होल्ट वाया जातात, तार तापते ती वेगळीच. तार ६ चौरस मिलिमीटरची घ्यावी.

घरातला दोन पिनांचा प्लग मुळीच नको. आम्ही सरावात तो लावला आणि एक विद्यार्थी तो घेऊन थेट भिंतीतल्या २३० व्होल्टच्या सॉकेटकडे निघाला! बाईंनी हात धरला म्हणून निभावले. आता आम्ही अँडरसन पॉवरपोल वापरतो. लाल-काळे जोड सगळीकडे एकाच पद्धतीने जुळवले की उलटे बसत नाहीत. पिना योग्य पकडीने दाबलेल्या असाव्यात.

फ्यूज बॅटरीच्या धन टोकाजवळच हवा. संचाजवळ लावला, तर मधली तार शॉर्ट झाल्यावर त्याचा उपयोग काय? बॅटरी नेहमी सर्वांत शेवटी जोडावी.