हवालदाराचं राहून गेलेलं काम

शाबानचा महिना होता. फजरची नमाज पढून घरी परतत होतो, तेवढ्यात मशिदीच्या माइकवरून मय्यतीची खबर देणारा आवाज आला. नाव ऐकलं आणि पाय जागीच थांबले. माझा वर्गमित्र गेला होता. रात्री छातीत कळ आली, तालुक्याला नेईपर्यंत वाटेतच इंतकाल झाला. वय अवघं ४५. घरच्यांच्या इच्छेला मान देऊन इथे त्याचं नाव लिहीत नाही. गाव त्याला हवालदार म्हणायचं, मीही तेच म्हणतो.

आमचा सातारा जिल्हा फौजेचा. अपशिंगे या गावाच्या नावापुढे आजही 'मिलिटरी' लागतं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. त्यामुळे आमच्या भागात पोरगा भरतीला निघाला की कुणाला नवल वाटत नाही. पण आमच्या मोहल्ल्यातून तोवर कुणी गेलं नव्हतं. कुणी गॅरेजमध्ये, कुणी फळांच्या गाड्यावर, कुणी आखाती देशात. हवालदाराचे अब्बाही फळांचा गाडा लावायचे.

आम्ही १९९५ साली मराठी शाळेतून दहावी झालो. गणितात तो माझ्या वहीकडे बघायचा आणि खेळाच्या तासाला मी त्याच्याकडे. पहाटे कालव्याच्या कडेने तो पळायचा. मी अब्बांचं घड्याळ घेऊन वेळ मोजायला बसायचो. पुढे आम्ही दोघंही भरतीला गेलो. १६०० मीटर मी कसाबसा धावलो, पण छातीच्या मापाला अडलो. फुगवून ५ सेंटीमीटर वाढायला हवी, ती वाढेना. तो निवडला गेला, मी परत आलो आणि मास्तर झालो. निघताना त्याच्या अम्मीनं एवढंच सांगितलं, "जा बेटा, मगर नमाज मत छोडना."

अम्मीची पत्रं

१९९७ साली तो खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये दाखल झाला. सॅपर म्हणजे फौजेचा इंजिनियर शिपाई. पूल बांधायचे, रस्ते करायचे, सुरुंग लावायचे आणि काढायचे. याच बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांनी एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे दूर करून रणगाड्यांना वाट करून दिली आणि परमवीर चक्र मिळवलं. त्याच नौशेराच्या लढाईत ५० पॅरा ब्रिगेडचे प्रमुख होते ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान. ३ जुलै १९४८ रोजी झांगड इथे ते शहीद झाले. त्यांना महावीर चक्र मिळालं. दिल्लीत जामिया मिल्लियाजवळच्या कब्रस्तानात त्यांची कबर आहे. ही दोन्ही नावं मला आधी हवालदारानं सांगितली, पुस्तकात मी ती नंतर वाचली.

त्याची पत्रं 'केअर ऑफ ५६ एपीओ' अशा पत्त्यावरून यायची. पत्र मराठीत असायचं आणि अम्मीला मराठी वाचता येत नव्हतं. मग मला बोलावणं यायचं. मी मराठी वाचायचो आणि अम्मीला दखनीत सांगायचो. उत्तरही तसंच. अम्मी बोलायची, मी मराठीत लिहायचो. त्या घराचा लिहिणारा-वाचणारा मीच होतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढची चूक माझी आहे.

डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि फौज सरहद्दीवर गेली. ऑपरेशन पराक्रम असं त्याचं नाव. राजस्थान, पंजाबच्या सरहद्दीवर मैलोगणती सुरुंग पेरले गेले. पुढे फौज मागे आली, तेव्हा तेच सुरुंग पुन्हा काढावे लागले. लावताना आणि काढताना लढाईशिवायच अनेक जवानांचे जीव गेले. हवालदार त्या कामावर होता. पत्रात फक्त "सध्या वाळूत आहे, तब्येत ठीक" एवढंच. अम्मी विचारायची, "और क्या लिखा है?" मी म्हणायचो, "दुआ मांगी है."

खरी हकीकत त्यानं खूप वर्षांनी कालव्यावर बसून सांगितली. सुरुंग पेरताना त्याचा नकाशा काढतात. कुठून सुरुवात, किती पावलांवर कितवी ओळ, कोणत्या ओळीत कोणता सुरुंग, सगळी नोंद. काढायला जाणारा तो कागद बघून जातो. पण वाळू सरकते, पावसानं माती वाहते, सुरुंग जागा सोडतो. मग पोटावर झोपून टोचणीनं जमीन तिरपी टोचत एकेक वीत पुढे सरकायचं. मी विचारलं, "भीती नाही वाटली?" तो म्हणाला, "वाटायची की. पण ज्यानं कागद नीट केला असेल, त्याच्यासाठी मनातून दुआ निघायची. लावणारा कुठे बदलून गेलेला असतो. मागून येणाऱ्याचा जीव त्याच्या कागदावर असतो."

लोक त्याला एक प्रश्न हमखास विचारायचे, "तुमच्यातले पण असतात का फौजेत?" मला राग यायचा, तो हसायचा. सांगायचा की युनिटमध्ये सर्वधर्मस्थळ असतं, एकाच छताखाली सगळ्यांची इबादत चालते. फौजेत पंडित, ग्रंथी, पाद्री यांच्यासारखी मौलवींचीही भरती होते. ईदला लंगरमध्ये शेवया शिजतात आणि गणपतीच्या आरतीला टाळ कमी पडला तर तोही धरला जातो. यापुढे तो वाद घालत नसे.

"सुट्टीत बघू"

२४ वर्षांची नोकरी करून २०२१ साली तो घरी आला. एका बँकेत रात्रपाळीचा पहारेकरी झाला. माजी सैनिकांची पेन्शन तेव्हा 'स्पर्श' या नव्या संगणकीय व्यवस्थेत जात होती. माहिती तपासताना त्याच्या ध्यानात आलं की फौजेच्या कागदात बायकोचं नाव वेगळं आहे. लग्नानंतर युनिटच्या कारकुनानं त्याच्या तोंडून ऐकून माहेरचं नाव लिहिलं होतं, शेवटी 'बी'. आधारवर सासरचं नाव, शेवटी 'बेगम'. जन्मतारखेतही फरक. दोन्ही नावं जोडणारा कागद एकच होता, तो म्हणजे निकाहनामा, आणि तो उर्दूत.

तो निकाहनामा घेऊन तो माझ्याकडे आला. "मास्तर, याचं भाषांतर करून दे. प्रतिज्ञापत्राबरोबर खडकीच्या रेकॉर्ड ऑफिसला पाठवायचंय." एका पानाचं काम, तासाभराचं. पण तेव्हा माझे पेपर तपासणं चालू होतं. मी म्हणालो, "सुट्टीत बघू." सुट्टीत माझ्या बहिणीकडे लग्न निघालं. दिवाळीत तो पुन्हा आला, मी पुन्हा हो म्हणालो. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं नाही. निकाहनाम्याची झेरॉक्स माझ्या कपाटातच राहिली.

जनाजा त्याच दिवशी जोहरनंतर उठला. आसपासच्या गावांतले माजी सैनिक डोक्यावर बेरे टोप्या घालून आले होते. जवळजवळ सगळे मराठा, धनगर, बौद्ध समाजातले. कब्रस्तानच्या दाराशी ते रांगेत उभे राहिले, सलामी दिली, मग टोप्या काढून खिशात ठेवल्या आणि आमच्याबरोबर माती द्यायला आत आले. मीही तीन मुठी माती दिली. हाताला माती लागली होती आणि डोळ्यांपुढे कपाटातला तो कागद होता.

भाभी इद्दतीत बसल्या, ४ महिने १० दिवस. मुलगी कागद घेऊन बँकेत आणि कार्यालयात फिरू लागली. सगळीकडे एकच उत्तर मिळालं, नाव जुळत नाही. पंधराव्या दिवशी मी निकाहनामा आणि भाषांतर घेऊन गेलो. पडद्याआडून भाभी म्हणाल्या, "भाईजान, आपने तकलीफ की." मला उत्तर सुचलं नाही. थोड्या वेळानं सगळं खरं सांगितलं आणि माफी मागितली. त्या रडल्या, मग म्हणाल्या, "वो भी आजकल आजकल करते थे."

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या माणसांनी फार मदत केली. प्रतिज्ञापत्र, भाषांतर, मृत्यूचा दाखला, डिस्चार्ज बुक, सगळं खडकीला गेलं. तरी पेन्शन सुरू व्हायला आठ महिने लागले. थकबाकी मिळाली, पण तोवर थोरलीचा नर्सिंगचा प्रवेश हुकला होता. तिचं एक वर्ष गेलं. ते मला भरून देता येणार नाही.

घरोघरी एक काम

वाचक भावांनो आणि बहिणींनो, हे फक्त फौजींच्या घरचं दुखणं नाही. आपल्या समाजात मुलीचं नाव शाळेत एक, निकाहनाम्यात दुसरं आणि आधारवर तिसरं असतं. बी, बेगम, बानो, खातून यांत कुणी फरक मानत नाही. कचेरी मात्र मानते. घरातला कमावता माणूस जिवंत असतो, तोवर एका सहीत काम होतं. तो गेला की तीच सही शोधत बेवा आणि लेकरं हेलपाटे मारतात.

म्हणून या आठवड्यात एवढं करा. घरातल्या बाईचं नाव आणि जन्मतारीख आधार, पॅन, बँक पासबुक, नोकरीचे किंवा पेन्शनचे कागद आणि निकाहनामा यांत एकसारखी आहे का ते समोर ठेवून बघा. निकाहनामा उर्दूत असेल तर भाषांतर करून ठेवा. माजी सैनिक असाल तर पेन्शनच्या आदेशात बायकोचं नाव अचूक आहे याची खात्री करा, चूक असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. आणि हे सगळं कुठल्या पेटीत आहे, ते बायकोला सांगून ठेवा.

मी आता दर रविवारी असरनंतर मशिदीच्या ओट्यावर बसतो. कुणाचा निकाहनामा, कुणाचं जुनं उर्दू खरेदीखत, जे येईल ते त्याच दिवशी मराठीत करून देतो. पैसे घेत नाही. हवालदाराची थोरली यंदा नर्सिंगला लागली. मागच्या रविवारी तीही शेजारी बसून अर्ज भरून देत होती.

अल्लाह तआला मरहूमची मगफिरत फर्मावो, त्याच्या घरच्यांना सबर देवो आणि माझी दिरंगाई माफ करो. आमीन.