कुत्रं बेशुद्ध पडलं तर पहिली दहा मिनिटं

ऊसतोडीला निघालो की भांडीकुंडी आणि लेकरांबरोबर कुत्रंही गाडीत बसतं. आपण फडात असताना कोपीची राखण तेच करतं. पण ते वाहनाखाली सापडलं किंवा मोटारीच्या तारेला चिकटलं की आपल्याकडे कुणी कांदा हुंगवतं, कुणी तोंडात पाणी ओततं. कांद्यानं काही होत नाही, आणि बेशुद्ध जनावराच्या तोंडात ओतलेलं पाणी फुफ्फुसात जातं. मग करायचं काय, ते आज पाहू.

आधी स्वतःला जपा. शॉक लागला असेल तर मेन स्विच बंद केल्याशिवाय हात लावू नका. दुखावलेलं कुत्रं मालकिणीलाही चावतं. ते शुद्धीवर असेल तर कापडाच्या पट्टीनं तोंड बांधा : नाकाडावर फास, जबड्याखाली गाठ, मग टोकं कानांमागे. ओकत असेल, धापत असेल किंवा बेशुद्ध असेल तर तोंड बांधू नका. लाळ गाळणारं, विचित्र वागणारं कुत्रं पिसाळलेलं असू शकतं. त्याच्या जवळ जाऊ नका.

चावलंच, तर जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची भरू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या आणि सगळे डोस पुरे करा. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. पाच मिनिटं उचलून पाहू नका. भिजलं तर वरूनच दुसरं कापड ठेवा.

२०२१ च्या डिसेंबरात आपल्याच जिल्ह्यात, माजलगाव तालुक्यातल्या लवूळला माकडं कुत्र्यांची पिल्लं उंचावर नेतात आणि ती पडून मरतात, ही बातमी सगळीकडे गाजली. असं उंचावरून पडलेलं किंवा वाहनानं उडवलेलं कुत्रं पाय धरून ओढू नका. पाठीचा कणा मोडलेला असू शकतो. अलगद फळीवर सरकवा आणि फळीसकट उचला.

उन्हाचा तडाखा बसला तर सावलीत घेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला. ओलं पोतं पांघरून ठेवू नका. आत उष्णता कोंडते. विष खाल्लं असेल तर मिठाचं पाणी पाजून ओकायला लावू नका. औषधाची पुडी किंवा डबा डॉक्टरांना दाखवा.

आता सर्वात महत्त्वाचं. कुत्रं हाक मारून हलत नसेल तर दहा सेकंद छातीकडे पाहा. छाती हलत नसेल, तर त्याला कुशीवर निजवा. तोंडात काही अडकलेलं दिसलं तर काढा. छातीच्या सर्वात रुंद भागावर एका हातावर दुसरा हात ठेवा, कोपरं ताठ करा आणि दाबा. छाती रुंदीच्या तिसरा हिस्सा ते निम्मी आत जावी, मग पूर्ण वर येऊ द्या. मिनिटाला १०० ते १२० वेळा, म्हणजे सेकंदाला साधारण दोनदा. छोटं पिल्लू असेल तर एका हाताच्या अंगठ्यानं आणि बोटांनी दोन्ही बाजूंनी छाती दाबा.

घरचं, लस दिलेलं कुत्रं असेल तर ३० दाबांनंतर त्याचं तोंड मिटून नाकातून दोन फुंकरी द्या. छाती फुगली पाहिजे. भटकं कुत्रं असेल किंवा विष खाल्लेलं असेल तर तोंड लावू नका, नुसतं दाबत राहा. दर दोन मिनिटांनी श्वास पाहा आणि दाबणारी बाई बदला. हात लवकर थकतात, म्हणून सोबतीण हवीच.

दरम्यान दुसरीनं १९६२ हा टोल फ्री नंबर लावावा. पशुवैद्यकीय मदतीसाठीच तो आहे. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यालाही फोन करा.

खरं सांगायचं तर हृदय थांबलेली फार थोडी कुत्री परत येतात. पण नुसतं पाहत राहिलो तर तेवढीही येत नाहीत.

पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की एक जाड उशी घ्या. एकीनं दाबायचं, बाकीच्यांनी टाळ्यांनी ठेका धरायचा. जिवंत, धडधाकट कुत्र्यावर मात्र सराव करू नका. आणि घरच्या कुत्र्याला दरवर्षी रेबीजची लस टोचून घ्या.