पोराच्या हाताची मोजणी



या पानावर दर खेपेला बेणे, खोडवा, हुमणी, ठिबक असेच विषय असतात. आजचा विषय जरा आडवाटेचा आहे, पण तो एका सभासदाच्याच प्रश्नातून निघाला आणि नंतर दोघा-तिघांनी गट ऑफिसात येऊन तेच विचारले, म्हणून लिहून काढतो.

झाले असे. आमच्या अंबडचे एक जुने शेतकरी. जमीन एमआयडीसीत गेली, आलेल्या पैशातून वडिलांनी दारणाकाठी चार एकर घेतली, तीवर ऊस असतो. राहायला अजून अंबडलाच. गेल्या गळीत हंगामात ते घरी आले आणि चहा पुढे यायच्या आत म्हणाले, "साहेब, उसाच्या बिलावर पंचेचाळीस हजार उचल मिळंल का?" लग्न की विहीर, म्हणून मी विचारले. ते म्हणाले, "पोराच्या बोलिंगसाठी."

पोरगा चौदा वर्षांचा. शहरातल्या एका खाजगी अकादमीत त्याला यंत्रासमोर चेंडू टाकायला लावला. यंत्राने ताशी ११२ किलोमीटर दाखवले. एवढ्या वयात एवढा वेग म्हणजे सोने आहे, वर्षाची फी भरा, बाकीचे आम्ही बघतो, असे तिथे सांगण्यात आले. आबा मला म्हणाले, "तुम्ही उसाला ते यंत्र लावून गोडी सांगता ना, तसंच हे. तुम्हाला कळत असंल यातलं."

मला क्रिकेटमधले फार कळत नाही. पण मोजमापातले थोडे कळते, कारण पोट त्यावरच चालते. त्या रात्री आबांना मी एवढेच विचारले, "चेंडू किती टाकले आणि त्यातला ११२ चा कितवा?" त्यांना ते माहीत नव्हते. पोराने खालमानेने सांगितले, "वीस-बावीस टाकले. एकच गेला तेवढा. बाकी नव्वद-पंच्याण्णव."

आता उसाचे उदाहरण घ्या. प्लॉट तोडीला आला की नाही हे बघायला मी हँड रिफ्रॅक्टोमीटर घेऊन येतो तेव्हा बांधाकडचा एक जाडजूड ऊस धरून ब्रिक्स बघतो का? तसे केले तर चीफ केमिस्ट मला हाकलून देतील. बांधाच्या उसाला ऊन जास्त, वारा जास्त. म्हणून आत शिरून चार-पाच ठिकाणचे ऊस घ्यायचे, बुडख्याचा रस वेगळा बघायचा, शेंड्याचा वेगळा आणि दोन्हींत फरक किती राहिला ते बघायचे. एका थेंबावर तोडीचा निर्णय होत नाही. मग एका चेंडूवर पोराचा कसा होईल?

या निमित्ताने थोडे वाचन केले. हाताच्या वेगाची मोजणी सर्वांत जास्त कुठे चालते म्हणाल तर अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये. आपल्याकडेही शालेय क्रीडा स्पर्धांत बेसबॉल आणि सॉफ्टबॉल आहेत, पण गावोगाव आपल्याला माहीत असते ते क्रिकेट. आपला जो बोलर, तो त्यांचा पिचर. फरक एवढाच की तो चेंडू जमिनीवर न आपटता सरळ फेकतो आणि कोपर वाकवून फेकायची त्याला मोकळीक असते. फलंदाज त्याच्यापासून १८.४४ मीटरवर उभा. ताशी १४५ किलोमीटरने चेंडू सुटला तर फलंदाजाच्या हाती अर्धा सेकंदसुद्धा नसतो. त्यामुळे तिथे पारखी माणसे गावोगाव शाळांच्या मैदानांवर हातात रडार गन घेऊन बसतात.

रडार गन म्हणजे महामार्गावर पोलीस गाडीचा वेग पकडतात तेच तत्त्व. पण ती चेंडूच्या रेषेत धरावी लागते. बाजूला उभे राहून धरली तर आकडा कमी येतो. चेंडू हातातून सुटतानाचा वेग आणि समोर पोचतानाचा वेग यांतही फरक पडतो, हवा तो खाते. तेव्हा यंत्र कुठे उभे होते आणि त्याने कोणत्या क्षणाचा आकडा धरला, हे माहीत नसेल तर दोन ठिकाणचे आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ नाही. यंत्र खोटे बोलत नाही, पण त्याला जेवढे विचारले तेवढेच ते सांगते.

आणि तिथले पारखीसुद्धा नुसत्या वेगावर थांबत नाहीत. पिचर नसलेल्या खेळाडूचे ते पाच गुण बघतात : फटका बसतो का, फटक्यात ताकद किती, पळतो कसा, फेकतो कसा, अडवतो कसा. प्रत्येकाला २० ते ८० असा दर्जा देतात, ५० म्हणजे मधला. आणि बहुतेक ठिकाणी दोन आकडे लिहितात, आज किती आणि पुढे किती होऊ शकेल. हा दुसरा आकडा मला फार आवडला. आपण बेणे निवडताना तेच करतो की. आजचा डोळा बघून उद्याचा ऊस ठरवतो.

एवढी मोजमापे करूनही चुकतातच. माइक पियाझा नावाच्या खेळाडूला १९८८ साली निवडीच्या ६२ व्या फेरीत, १३९० व्या क्रमांकावर घेतले होते, म्हणजे जवळजवळ कोणालाच तो नको होता. २०१६ मध्ये त्याच माणसाला त्यांच्या सर्वोच्च सन्मानाच्या दालनात जागा मिळाली.

या अमेरिकन पारख्यांची गाडी एकदा भारतातही आली होती. २००७-०८ मध्ये जे. बी. बर्नस्टीन या गृहस्थाने 'मिलियन डॉलर आर्म' नावाची स्पर्धा आपल्याकडे घेतली. वाटले होते, क्रिकेटचा देश आहे, एखादा वेगवान बोलर सापडेल. हजारो पोरांनी रडार गनसमोर चेंडू फेकले. जिंकला कोण? उत्तर प्रदेशातला रिंकू सिंग, दुसरा दिनेश पटेल. दोघेही भालाफेकपटू! क्रिकेटच्या मैदानात शोधत होते आणि हात सापडला भाल्यामागे. रिंकूने ताशी सुमारे १४० किलोमीटरने चेंडू फेकला आणि एक लाख डॉलरचे बक्षीस घेतले. दोघांना अमेरिकेत शिकवले आणि नोव्हेंबर २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्स या संघाने करारावर घेतले. २०१४ मध्ये त्यावर सिनेमाही निघाला.

सिनेमा तिथे संपतो, पण पुढचेही सांगितले पाहिजे. दिनेशला २०१० मध्ये संघाने मोकळे केले आणि तो परत आला. रिंकू खालच्या पातळीवर काही वर्षे खेळला, दुखापतींनी अडला, सर्वांत वरच्या लीगपर्यंत पोचला नाही, आणि पुढे कुस्तीच्या तमाशात गेला. म्हणजे हातात वेग होता, तो यंत्राने बरोबर पकडला, आणि तरीही वेगाच्या पुढचे सगळे शिकायलाच ती वर्षे गेली. हे वाचून मी आबांना फोन केला. ते म्हणाले, "म्हंजे नको भरू?" मी म्हटलं, "थांबा, अजून मोजलंच कुठंय आपण."

आपल्या भागातली उदाहरणे बघा. श्रीरामपूर म्हणजे आपल्यासारखाच साखर पट्टा. तिथला झहीर खान सतराव्या वर्षी मुंबईला गेला. एका सामन्यात टी. ए. शेखर यांच्या नजरेला पडला आणि त्यांनी त्याला चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये नेले. पुढे कसोटीत ३११ बळी. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खोदायच्या कामावर जात होता. २०१२ मध्ये लष्करात गेला, तिथे प्रशिक्षकाने त्याची उंची पाहून नौकानयनात घातला. पाण्याची भीती असलेला, दुष्काळी गावातला माणूस २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेत सुवर्णपदक घेऊन आला. कविता राऊत हरसूलकडच्या सावरपाड्याची, २०१० मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला कांस्य आणि त्याच वर्षी आशियाईत रौप्य. यांतल्या एकालाही बापाने उसाच्या बिलावर उचल घेऊन कुणाकडे नेले नव्हते. कुणीतरी जाणत्याने पाहिले, हे खरे. पण पाहणाऱ्याच्या नजरेसमोर ते आले, हेही तितकेच खरे, आणि हा भाग नशिबाचा आहे. तो मला खटकतो.

असो. आम्ही मोजायचे ठरवले. माझ्या शेजारी अंबडच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात असलेले गृहस्थ राहतात. जन्म व्हर्नियर धरण्यात गेला. ते म्हणाले, "एकदा घेतलेलं माप म्हणजे अफवा. तीनदा घ्या, वेगवेगळ्या दिवशी घ्या." स्टॉपवॉच त्यांचेच. मोजायचे काय, तर राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत पोरे निवडताना ज्या चाचण्या घेतात त्याच धरल्या : उंची, वजन, ३० मीटर धाव, १० मीटरच्या सहा फेऱ्या, उभ्याने लांब उडी, उभ्याने उंच उडी, मेडिसीन बॉल फेक, लवचिकता, ८०० मीटर. त्यात आम्ही क्रिकेट चेंडूची लांब फेक घातली. पदरचा खर्च शून्य. प्लॉट मोजायची माझी टेप आणि चुन्याची फक्की.

दोन रविवार अंबडला मोकळ्या प्लॉटवर गेले. ३० मीटरला पहिल्या दिवशी ५.१ सेकंद, दुसऱ्या रविवारी ४.८. पोरगा आठ दिवसांत सुधारला नव्हता, पहिल्या दिवशी नुसता घाबरला होता. चेंडूफेक ५१ ते ५४ मीटर, दर वेळी. ही एकसारखी येत होती म्हणून मी तिच्यावर जास्त विश्वास ठेवला. उंची १५३ सेंटिमीटर, वर्गात बेंचवर पुढे बसणारा.

इथे वयाचा मुद्दा येतो, आणि तो फार मोठा आहे. तेरा-चौदा वर्षांची दोन पोरे शेजारी उभी करा, एकाला मिसरूड फुटलेले, दुसऱ्याचा आवाजही बदललेला नाही. कागदावर वय एकच, अंगातले वय दोन-तीन वर्षांनी वेगळे असू शकते. म्हणून क्रिकेट मंडळ १६ वर्षांखालच्या पोरांच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचे वय बघते. आपल्याकडे तर अर्ध्या गावाचा जन्म १ जूनचा, गुरुजींनी शाळेत घातला तो दिवस! लवकर वाढलेला पोरगा आज निवडला जातो आणि उशिरा वाढणारा घरी बसतो. तुम्हाला फुले २६५ आठवत असेल. सुरुवातीला लवकर तोडून ब्रिक्स बघितला तर उतारा कमी, म्हणून काही कारखाने नोंद घ्यायला तयार नव्हते. तो उशिरा पिकणारा होता, एवढेच. थांबलेल्यांना त्याने टनेज दाखवले.

दुसरी गोष्ट बोलर पोरांच्या आईबापांनी ऐकून ठेवावी. वाढत्या हाडावर रोज शंभर-शंभर चेंडूंचा मारा करू नका. अमेरिकेत या वयाच्या पिचरला दिवसाला जास्तीत जास्त ९५ चेंडूंची मर्यादा आहे, आणि ६६ च्या वर टाकले तर पुढे चार दिवस विश्रांती. तिथे कोपराचा तुटलेला पट्टा शस्त्रक्रियेने नवा बसवण्याची रीत १९७४ पासून आहे, आणि लहान वयात त्या टेबलावर जाणारी पोरे पाहूनच हे नियम झाले. बोलिंगचा ताण पाठीवर जास्त येतो, पण अतिरेकाचा धोका तोच. आबांच्या पोराला विचारले तर रोज दीड तास टाकतो म्हणाला. ते आधी बंद केले.

तिसऱ्या रविवारी आबांच्या दारणाकाठच्या उसाला तोड आलेली, त्यांना हलता येईना. म्हणून शेताशेजारच्या जिल्हा परिषद शाळेच्या मैदानावर पोराला घेतले. टोळी कन्नडकडची. मुकादमाचा पुतण्या, असेल बारा-तेराचा, वाढे बांधायचे सोडून कुंपणाशी येऊन बसला. आमचा चेंडू कुंपणापलीकडे गेला. त्याने उचलला आणि परत फेकला. तो माझ्या डोक्यावरून गेला.

मी त्याला बोलावले. पायात चप्पल नाही. "कुठं शिकला रे?" तर म्हणे, "गोफण फिरवतो ना जवारीत." तीन फेका मोजल्या. ५८, ५७, ५९ मीटर. आबांचा पोरगा बघतच राहिला, मग स्वतः जाऊन त्याला चेंडू कसा धरायचा ते दाखवू लागला. जन्मतारीख विचारली तर त्याने काकाकडे बघितले. काका म्हणाला, "दिवाळीच्या मागंपुढं." शाळा गावाकडे, नाव हजेरीत, पण हंगामाचे पाच महिने पोरगा इकडे. निवड चाचण्यांना शाळेचा दाखला लागतो, आणि त्याच दिवसांत हा आपल्या फडात असतो.

मार्चमध्ये टोळी गेली. माझ्या शेतकी डायरीत आबांच्या प्लॉट नंबरखाली त्या तीन फेका लिहिलेल्या आहेत, शेजारी मुकादमाचा फोन. दोनदा फोन केला. त्याच्या शाळेच्या गुरुजींना क्रीडा प्रबोधिनीच्या चाचणीचे बघायला सांगितले आहे, गुरुजी हो म्हणाले आहेत. येत्या हंगामात तीच टोळी मागितली आहे. आपल्या गटातल्या कोप्यांवरची आणि सभासदांची पोरे एकत्र मैदानावर घेऊन एकदा टेप लावू, अशी मागणी मी शेतकी समितीकडे लेखी दिली आहे. चुना आणि टेप आपल्याकडे आहेच.

आबांनी उचल घेतली नाही. पोरगा शाळेच्या संघात आहे, आठवड्यातून तीनच दिवस टाकतो. दर महिन्याच्या एक तारखेला दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने त्याच्या उंचीची खूण करतात. परवा गेलो तेव्हा १५८ ची खूण होती, आणि आबा म्हणाले, "साहेब, २६५ निघालं बरं का हे."