धर्मप्रचारकाचा दिनक्रम : मॉर्मन 'एल्डर' आणि वडाळ्याचे मिशनरी

पांढराशुभ्र शर्ट, गळ्यात टाय, छातीवर काळी नामपट्टी आणि शेजारी तशाच वेशातील जोडीदार. जगातील अनेक शहरांत दारोदार हिंडणारे हे तरुण मॉर्मन चर्चचे प्रचारक असतात. मित्रांनी महाविद्यालयात प्रवेश घ्यावा त्या वयात ही मुले दोन वर्षांसाठी घर सोडतात. देश कोणता, भाषा कोणती, हे चर्च ठरवते. वेतन नसते, उलट खर्चाचा वाटा स्वतःच्या बचतीतून किंवा घरच्यांकडून द्यावा लागतो.

अशा जीवनाचे आपल्याकडे कुतूहल असते आणि संशयही असतो. मात्र परक्या देशात जाऊन धर्म सांगणारा तरुण नेवासा तालुक्याला नवा नाही. मॉर्मन नव्हेत, पण त्याच अमेरिकेतून आलेले मिशनरी एकोणिसाव्या शतकात या तालुक्यातील वडाळा गावी राहिले, मराठी शिकले, संसार करून गेले. या दोन दिनक्रमांची तुलना केली, तर धर्मप्रचार कोठे रुजतो आणि कोठे रुजत नाही, याचा काही उलगडा होतो.

साडेसहाचा गजर

मॉर्मन पंथाची स्थापना जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात केली. आज या चर्चचे सत्तर हजारांहून अधिक पूर्णवेळ प्रचारक जगभर काम करतात. मुलांना 'एल्डर', तर मुलींना 'सिस्टर' म्हणतात. मुलांची सेवा दोन वर्षांची, मुलींची दीड वर्षाची. प्रचारास जाण्याचे किमान वय २०१२ मध्ये मुलांसाठी एकोणिसावरून अठरावर आणि मुलींसाठी एकविसावरून एकोणिसावर आणण्यात आले, तेव्हा अर्जांचा ओघ एकदम वाढला.

दिवसाची आखणी काटेकोर असते. ठरलेला प्रघात असा, की सकाळी साडेसहाला उठायचे, व्यायाम, न्याहारी, मग धर्मग्रंथाचे आणि स्थानिक भाषेचे अध्ययन. त्यानंतर दिवसभर लोकांच्या भेटी, रात्री साडेदहाला दिवा बंद. जोडीदाराला सोडून एकट्याने फिरायचे नाही आणि प्रेमप्रकरणांपासून दूर राहायचे. आठवड्यातून एक दिवस कपडे धुणे, बाजारहाट आणि पत्रव्यवहारासाठी मोकळा मिळतो. पूर्वी घरी फोन करण्याची मुभा वर्षातून दोनदाच, नाताळात आणि मातृदिनी, असे. २०१९ पासून दर आठवड्याला घरच्यांशी बोलता येते.

या शिस्तीचा बराचसा वेळ नकार ऐकण्यात जातो. दार उघडत नाही, उघडले तर लगेच बंद होते. अनेकांच्या दोन वर्षांत बाप्तिस्मा घेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघतात. तरीही परतलेले बहुतेक तरुण या काळाला आयुष्यातील मोठे शिक्षण मानतात. चर्चलाही हे पुरते ठाऊक असते. नवे सभासद मिळवणे हा या सेवेचा एक हेतू. जुन्या सभासदांच्या मुलांना पंथात पक्के करणे हा दुसरा, आणि तोही तितकाच महत्त्वाचा.

पुण्यातला फसलेला प्रयोग

मॉर्मन प्रचारक महाराष्ट्रात फार पूर्वी येऊन गेले, हे अनेकांना ठाऊक नसते. ह्यू फिंडले नावाचे स्कॉटिश प्रचारक १८५२ मध्ये मुंबईत उतरले आणि पुढे पुण्यात गेले. तेथे त्यांनी मराठीचा अभ्यास सुरू केला. १८५३ मध्ये अमेरिकेतील युटाहून प्रचारकांचा एक गट कलकत्त्याला पोहोचला आणि त्यातील काही जण नंतर मुंबईकडेही आले. पण १८५६ पर्यंत ही मोहीम जवळजवळ आटोपली होती.

अपयशाची कारणे उघड होती. या प्रचारकांच्या पाठीशी निधी नव्हता. पैशाची थैली न घेता निघावे आणि श्रोत्यांच्या आतिथ्यावर राहावे, हा त्यांचा आदर्श. खेड्यापाड्यांच्या युरोप-अमेरिकेत तो काही प्रमाणात चालला; भाषा, जात आणि अन्नव्यवहाराच्या भिंती असलेल्या देशात तो टिकणे अवघड होते. त्यांचे बरेचसे श्रोते लष्करी छावण्यांतील युरोपीय होते आणि छावणीचे अधिकारी त्यांना थारा द्यायला तयार नव्हते. त्यातच १८५२ मध्ये पंथाने बहुपत्नीत्वाचा जाहीर पुरस्कार केल्याने इंग्रजी समाज बिथरला. शिवाय नव्या अनुयायांनी युटाला येऊन राहावे, अशी त्या काळी पंथाची अपेक्षा होती. पुण्याच्या एखाद्या माणसाने धर्म बदलून समुद्रापार, वाळवंटी प्रदेशात वस्ती करावी, हे मागणेच अशक्यप्राय होते.

१९९३ मध्ये बंगळुरू येथे मॉर्मन चर्चचे स्वतंत्र मिशन सुरू झाले, पण तोवर जग पार बदलले होते.

नगरची वाट

फिंडले पुण्यात धडपडत होते, तेव्हा नगर जिल्ह्यात दुसरे अमेरिकन मिशन बऱ्यापैकी स्थिरावले होते. 'अमेरिकन मराठी मिशन' या नावाने ते ओळखले जाई. त्याचे पहिले प्रचारक १८१३ मध्ये मुंबईत आले. नगरचे ठाणे १८३१ मध्ये सुरू झाले. आरंभीच्या वर्षांत मृत्यू सतत पाठीशी असे. मुंबईतील ज्येष्ठ मिशनरी गॉर्डन हॉल १८२६ मध्ये नाशिक-त्र्यंबकच्या फेरीहून परतताना वाटेतच पटकीने वारले. नगरच्या पहिल्या तुकडीतील विल्यम हर्वे यांचा १८३२ मध्ये त्याच रोगाने बळी घेतला.

तरीही माणसे येत राहिली. सिंथिया फरार या अविवाहित अमेरिकन शिक्षिकेने नगरला मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुले यांनी ती शाळा पाहिली आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे प्रशिक्षण तेथेच घेतले, हे सर्वश्रुत आहे. १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' हे नियतकालिकही नगरहूनच निघाले.

याच मिशनमध्ये १८४६ साली सॅम्युअल बेकन फेअरबँक दाखल झाले. वय तेवीस, नुकतेच धर्मशिक्षण संपलेले, नुकतेच लग्न झालेले. काही वर्षे नगर आणि मुंबई येथे काढल्यावर ते वडाळ्यास स्थायिक झाले. नगर-औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) रस्त्यावरील हे गाव नगरपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर, नेवाशाच्या अलीकडे आहे.

भाषा आधी, प्रवचन नंतर

आजच्या मॉर्मन प्रचारकाला काही आठवड्यांचे प्रशिक्षण मिळते आणि दोन वर्षांनी तो परत जातो. एकोणिसाव्या शतकातील मिशनरी बहुधा आयुष्यभरासाठी येई. त्यामुळे त्याची पहिली वर्षे मराठीतच जात. सकाळी पंडितासमोर बसायचे, मोल्सवर्थच्या कोशात शब्द पाहायचे, मोडी आणि बालबोध दोन्ही लिपी गिरवायच्या. पुस्तकी मराठी शिकून तो खेड्यात गेला, की तेथील बोली त्याला पुन्हा नव्याने शिकावी लागे.

नेवाशाच्या परिसरात या गोष्टीला वेगळा अर्थ आहे. संस्कृतातील गीतेचा अर्थ लोकभाषेत सांगणारी ज्ञानेश्वरी १२९० मध्ये येथेच सिद्ध झाली; ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी ती सांगितली असे मानतात, तो 'पैस' नेवाशात आजही पुजला जातो. त्या आधी महानुभावांनीही धर्मभाषा म्हणून मराठीच स्वीकारली होती. लोकांपर्यंत जायचे तर त्यांच्या भाषेत गेले पाहिजे, हा धडा या भूमीने आधीच दिला होता. परदेशी मिशनऱ्यांना तो सहाशे वर्षांनी गिरवावा लागला. पुढे कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या नगरकडील ख्रिस्ती कवींनी कीर्तनाचाच साज उचलला. हार्मोनियमवरच्या इंग्रजी चालींपेक्षा टाळ आणि वीणा लोकांना जवळची वाटणार, हे त्यांनी ओळखले.

तंबू, शाळा आणि औषधाची पेटी

मिशनऱ्याचे वर्ष तीन ऋतूंत विभागलेले असे. पावसाळ्यात रस्ते चिखलाने बंद, तेव्हा ठाण्यावरचे वर्ग, लेखन आणि हिशेब. हिवाळ्यात बैलगाडीत तंबू घालून गावोगाव दौरा. कडक उन्हाळ्यात शक्य झाल्यास थंड हवेच्या ठिकाणी काही आठवडे.

दौऱ्यातला दिवस पहाटे सुरू होई. ऊन चढण्यापूर्वी एखादे गाव गाठायचे, चावडीपाशी किंवा महारवाड्यात बोलायचे, मिशनच्या शाळेतील मुलांचे वाचन, गणित आणि धर्मपाठ तपासायचा, मास्तरची गाऱ्हाणी ऐकायची. दुपारी तंबूसमोर औषध मागणाऱ्यांची रांग लागे. वैद्यकीचे शिक्षण नसलेल्या मिशनऱ्यालाही हिवताप आणि हगवणीची औषधे जवळ बाळगावी लागत. संध्याकाळी पुन्हा लोक जमत. त्यांत गोऱ्या माणसाला पाहायला आलेले किती आणि ऐकायला आलेले किती, हा प्रश्न उरेच.

घरची बातमी मात्र जहाजाच्या वेगाने येई. शिडाच्या जहाजांच्या काळात अमेरिकेतील पत्राला महिने लागत. आई-वडिलांच्या निधनाची वार्ता पोहोचे तोवर तिकडे शोकाचा काळ सरलेला असे. फेअरबँक यांची पहिली पत्नी अ‍ॅबी १८५२ मध्ये वारली. पुढे त्यांनी नगरचे मिशनरी हेन्री बॅलंटाइन यांच्या कन्येशी विवाह केला. मुले शिक्षणासाठी अमेरिकेला पाठवून वर्षानुवर्षे त्यांच्याविना राहणे, हे बहुतेक मिशनरी कुटुंबांच्या वाट्याला येई. आठवड्याच्या फोनची सोय असलेल्या आजच्या 'एल्डर'ला या विरहाची कल्पना करणेही कठीण जाईल.

फेअरबँक यांनी या एकांतात एक विरंगुळा शोधला. ते पक्षी आणि शंख-शिंपले जमवीत. खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव आणि नगर परिसरातील पक्ष्यांची त्यांची यादी १८७६ मध्ये अ‍ॅलन ह्यूम यांच्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. दक्षिणेतील पळणी टेकड्यांत आढळणाऱ्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात 'फेअरबँकी' हा शब्द १८६९ पासून आहे. १८९८ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा भारतात येऊन त्यांना बावन्न वर्षे झाली होती.

दुष्काळ आणि जात

या प्रचाराला सर्वाधिक प्रतिसाद मिळाला तो महार समाजातून. ज्यांना गावाच्या पाणवठ्यावर आणि शाळेत जागा नव्हती, त्यांच्या मुलांना मिशनने पाटी-पेन्सिल दिली. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर धर्मांतरांचे प्रमाण वाढले. त्यामुळे ही श्रद्धा की भूक, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारला जातो. तो रास्त आहे. पण अपुरा आहे. दुष्काळ सरल्यावरही अनेक कुटुंबे नव्या धर्मात राहिली, कारण अक्षरओळख आणि माणूस म्हणून मिळालेली वागणूक ही धान्यासारखी संपणारी नव्हती.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. धर्म बदलल्याने जात गेली नाही. गावाने त्यांना पूर्वीच्याच नजरेने पाहिले, आणि ख्रिस्ती समाजातही जुन्या जातींच्या रेषा पूर्ण पुसल्या गेल्या नाहीत. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध दलितांना तो मिळाला, ख्रिस्ती दलितांना मिळाला नाही. पणजोबाने तंबूसमोर बसून घेतलेल्या निर्णयाची किंमत पणतू शिष्यवृत्तीच्या अर्जावर मोजतो.

काय उरते?

राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने धर्म पाळण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य यांच्या मर्यादा त्याला आहेत. परदेशी नागरिकाला पर्यटक व्हिसावर येऊन धर्मप्रचार करता येत नाही. तंबू घेऊन गावोगाव फिरण्याचे ते दिवस परत येणारे नाहीत. अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आल्या आणि त्यांचा कारभार केव्हाच भारतीयांच्या हाती गेला.

पुण्यातील मॉर्मन प्रचारक आणि वडाळ्याचे फेअरबँक हे एकाच दशकातले, दोघेही श्रद्धेने भारलेले. एकाची मोहीम चार-पाच वर्षांत विरली, दुसऱ्याच्या कामाला मुळे फुटली. हा फरक धर्ममतांच्या सरस-निरसपणाचा नव्हता. एकाने लोकांना आपल्या देशी बोलावले, दुसरा लोकांच्या गावी राहिला. दोन वर्षांत दारे ठोठावून होतात. ती उघडली जाण्यासाठी भाषा, शाळा आणि बहुधा एक आयुष्य लागते. परदेशातून आलेल्या त्या तरुणांच्या हेतूंविषयी मतभेद राहतील. पण ज्यांनी त्यांना दार उघडले, त्यांच्या वंशजांचा प्रश्न अजून सुटलेला नाही, आणि तो सोडवणे आता कोणा परदेशी मिशनऱ्याच्या हाती नाही.