स्वादुपिंडातील खड्यांवर लहरींचा मारा

मूत्रपिंडातील खडे फोडणारे 'लिथोट्रिप्सी' तंत्र आता स्वादुपिंडाच्या नलिकेतील खड्यांवरही वापरले जाते. दीर्घकाळच्या दाहामुळे नलिकेत कॅल्शियमचे खडे साचतात, पाचकरसाचा मार्ग अडतो आणि पोटातून पाठीकडे जाणाऱ्या तीव्र वेदना सुरू होतात. ५ मि.मी.हून मोठ्या खड्यांचा शरीराबाहेरून सोडलेल्या आघात लहरींनी चुरा केला जातो. तो रसाबरोबर वाहून जातो किंवा दुर्बिणीद्वारे काढला जातो.

मात्र, खडा फुटला म्हणजे आजार गेला, असे नव्हे. मूळ दाह आणि मधुमेहाचा धोका कायम राहतो. नेदरलँड्समधील २०२० च्या चाचणीत आधी दुर्बिणीचे उपचार घेतलेल्यांपेक्षा लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांच्या वेदना अधिक कमी झाल्या. म्हणून रुग्णांनी दोन्ही पर्याय समजून घ्यावेत. मद्य व तंबाखू मात्र तत्काळ सोडावेत.